चौदा सुया

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, हुमनाबादच्या सरकारी दवाखान्याच्या पायरीवर मी मांडीत मडकं घेऊन बसले होते. आणि त्या मडक्यात कुत्र्याचं मुंडकं होतं.

मडक्यावर कडुनिंबाचा पाला, पाल्यावर फडकं, फडक्यावर माझे दोन्ही हात. दुबलगुंडीपासून सगळी वाट निंगप्पामामानं नाकाला उपरणं लावून गाडी हाकली होती. मामा हुमनाबादचा, गुळाचा व्यापारी. तूर बघायला म्हणून आमच्या गावी आला आणि या भानगडीत सापडला. लिंगायताच्या गाडीत असली वस्तू! "न्यायचंच आसंल तर तूच धर, मी बोट लावणार न्हाई," असं त्यानं निघतानाच सांगून टाकलं होतं.

दार उघडलं आणि एक चष्मेवाला तरुण घाईघाईनं बाहेर आला. बाह्या वर दुमडलेल्या, बोटांना जांभळा रंग. माझ्या मांडीतलं मडकं बघून त्यानं लगेच हात हलवला.

"बाई, इथं लोणी-तूप घेत न्हाईत. सगळ्यांना सांगून थकलो. परत न्या ते."

"लोणी न्हाई," मी म्हणाले. "कुत्र्याचं डोस्कं हाय."

तो थबकला. चष्म्यामागचे डोळे मोठे झाले... आणि मग त्याचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. पेढे दिल्यावर माणूस खुलतो, हे मला माहीत होतं. पण हे—

"खरंच? पिसाळलेलं?"

"ते तुमी सांगायचं. दवंडी तुमीच दिली न्हवं?"

दवंडी त्यानंच दिली होती. महिनाभर दर बाजारी डफ वाजवून माणूस ओरडत होता, पिसाळलेलं कुत्रं मारलं तर त्याचं डोकं दवाखान्यात आणून द्या. लोक पोट धरून हसले होते. 'कुत्र्याचा डाक्टर' असं त्याचं नावच पडलं होतं. अख्ख्या तालुक्यात डोकं घेऊन येणारी मी पहिलीच.

त्यानं दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तसं मडकं घेतलं. मी उठून उभी राहिले, तर तो माझ्या कानाएवढाच भरला. मी आहेच ताडासारखी. आणि तेवढ्यात त्याची नजर माझ्या पायाकडे गेली. घोट्यावर हळद-मिरची भरून चिंधी बांधलेली होती.

"हे... कधी?"

"काल. तिसऱ्या पारी. शेतात भाकरी घेऊन जायलते, तर तुरीतनं आलं. भुंकलं बी न्हाई."

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद इतक्या झटकन विझला की मलाच त्याची कीव आली.

मडकं आत ठेवून तो परत आला, तो साबण आणि पाण्याची बादली घेऊन. मला पायरीवर बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसून माझा पाय धुवायला लागला. चिंधी सोडवली, मिरची काढली, साबण लावला, पाणी घातलं, पुन्हा साबण लावला. मी लाजेनं पाय मागे ओढला.

"डाक्टर, तुमी कामून पाय धरायलाव?" मामा कावराबावरा झाला. "कंपाउंडरला सांगा की."

"कंपाउंडर दोन मिनिटं धुतो," मान वर न करता तो म्हणाला. "मला पंधरा मिनिटं धुवायचाय."

धुता धुता तो विचारत होता. कुत्र्याची जीभ बाहेर होती का, चाल कशी होती, मारलं कुणी. मी सांगत होते. आज पहाटे कोतवालानं ओढ्याकाठी गाठून काठीनं मारलं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, दवंडी आठवली आणि त्यांनी कोतवालाकडून डोकं कापून घेतलं. शेवटी पाय कोरडा करून तो म्हणाला, "आजपासून रोज एक सुई. पोटात. चौदा दिवस."

"चौदा!" हे मामा ओरडला, मी नव्हे.

"एकही चुकवायची न्हाई."

"अहो, पोरीचं लग्न ठरलंय. कोहिनूर गावच्या महादेवप्पाच्या घरी. माघात हाय लग्न."

"मग तर मुळीच चुकवू नका," असं म्हणून तो आत गेला. नाव त्याचं गुरुलिंग बिरादार, हे मला नर्स सुशीलाबाईंनी सांगितलं. औरादकडच्या संतपूरचे, हैदराबादेत डॉक्टरी शिकलेले, वर्षभरासाठी इथं आलेले. "दिसभर कुत्र्या-मेंढ्यांच्या मेंदूत डोस्कं घालून बसत्यात," त्या म्हणाल्या. "माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतोय."

मी मामाच्या घरी राहिले. रोज सकाळी मामीसोबत दवाखान्यात जायचं. पडद्याआड बाकावर आडवं व्हायचं, सुशीलाबाई सुई टोचायच्या आणि पडद्याच्या पलीकडून डॉक्टर बोलायचे. मला दुखणं कळू नये म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती. पण बोलायला त्यांच्याकडं होतं काय?

"माणसाच्या दिमागात..." पडद्यापलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "दिमागात कोट्यवधी पेशी असतात."

"आय गं!"

"...आणि त्यांना फाटे असतात. झाडासारखे."

"डाक्टर," मी दात आवळून म्हणाले, "दुसरं काय तरी बोला की. संतपुरात यंदा तूर कशी हाय?"

पलीकडं पाय घासल्याचा आवाज. मग हळूच, "बरी हाय म्हणतात... मला नीट ठाऊक न्हाई."

सुशीलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मला दुखायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. मामी दारात उभी राहिली. खिडकीशी टेबल, टेबलावर पितळी नळकांडं, त्याच्या पायाशी इवलासा आरसा. त्याला ते खुर्दबीन म्हणत. आरसा उन्हाकडं वळवून ते बाजूला झाले.

"बघा. एक डोळा मिटून."

मी बघितलं. निळं-जांभळं रान. त्यात मोठे मोठे ठिपके, आणि त्या ठिपक्यांच्या पोटात कुंकवाच्या कणासारखे लालसर दाणे.

"हे कुत्र्याच्या मेंदूचं पान हाय. आणि ते लाल दाणे हाईत ना—"

"तेच इख?"

"न्हाई. ते इतकं बारीक हाय, की खुर्दबीनमधूनही दिसत न्हाई. जगात कुणालाच अजून नीट दिसलेलं न्हाई. ते जिथं बसून गेलं, तिथल्या ह्या खुणा."

मी जरा विचार केला. "मंजे मामाच्या गुळाच्या कोठारात उंदीर कधी दिसत न्हाई, लेंड्या दिसत्यात. तसं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हसले. पहिल्यांदाच, आणि एकदम मोठ्यानं. दारातली मामी दचकली.

"दोन वर्षं झाली, मी हे समजावून सांगायला शब्द शोधायलोय," ते म्हणाले.

मीही हसत होते. आणि हसता हसता मला कळलं. खुणा आहेत, म्हणजे कुत्रं पिसाळलेलं होतं. म्हणजे तेच विष माझ्या पायात... मी टेबलाची कड धरली.

त्यांनी खोटा धीर दिला नाही. स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाले, "बसा. सगळं सांगतो. हे विष रक्तातून धावत न्हाई. आसाबातून... मज्जेच्या दोऱ्यातून जातं. मुंगीसारखं, हळू. जिथं चावलं तिथून डोक्यापर्यंत. तोंडाला चावलं तर वाट जवळची. पायाला चावलं तर लांबची. ते पोचायच्या आत ह्या सुयांनी अंगात ताकद आणायची. शर्यत हाय ही."

"आणि कोण जिंकंल?"

"तुमचा पाय डोक्यापासून लांब हाय." ते अडखळले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुम्ही... उंच हाव. बरं झालं."

मला आजवर माझी उंची कुणी बरी म्हटली नव्हती. कोहिनूरच्या लोकांनीही बघायला आल्यावर अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, विचारलं होतं, पोरगी आणखी वाढणार तर नाही ना? त्या दिवशी परत जाताना मी पाठ ताठ ठेवून चालले. मामी म्हणाली, "काय गं, सुई दुखली का? अशी कामून चालायलीस?"

चौथ्या दिवशी मी विचारलं, "त्या बाटलीत काय असतंय?"

पडद्यापलीकडं खुर्ची करकरली.

"सांगितलंच पायजे का?"

"पोट माझं हाय."

"मेंढीचा मेंदू," आवाज अगदी बारीक आला. "औषधानं मारलेला."

मी ताडकन उठून बसले. आमच्या घरात कांदा कापलेली विळीसुद्धा वेगळी ठेवतात! गळ्यातलं लिंग मुठीत धरून मी पडद्याकडं बघत राहिले.

"मीही लिंगायतच हाय," पडदा म्हणाला. "सुईनं गेलंय, तोंडानं न्हाई. आणि जीव वाचवायला गेलंय... तरी तुम्हाला नको असेल, तर मी जबरदस्ती करणार न्हाई. पण विनंती करीन. रोज करीन."

मी पुन्हा आडवी झाले. "मामाला सांगू नका मंजे झालं," मी म्हणाले.

"न्हाई सांगणार."

आमच्या दोघांत गुपित असं ते पहिलं.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून मी सुई झाली तरी लगेच घरी जाईना. मामी बाजारात जायची, आणि मी आतल्या खोलीत सुशीलाबाईंसोबत कापूस वळत बसायची. भिंतीवर माणसाचं मोठं चित्र काढलेलं होतं, आणि त्यावर जागोजागी खुणा. कुणाला हातावर चावलेलं, कुणाला गालावर. प्रत्येक खुणेपुढं दिवस. चावल्यापासून माणूस जाईपर्यंत किती दिवस लोटले, ते. ह्यातल्या कुणालाच सुया मिळाल्या नव्हत्या. बत्तीस माणसं. मी मोजली, आणि नंतर कुणी न सांगताच हळू बोलायला लागले.

हात आणि गाल जुळत होते. जवळच्या जागेला थोडे दिवस, लांबच्या जागेला जास्त. पण टाचेवरच्या एका खुणेपुढं 'तीस' लिहून लाल शाईनं गोल केला होता.

"हा माझा सगळा हिशेब मोडतो," डॉक्टर म्हणाले. "टाच तर सगळ्यात लांब. तीस दिवसांत कसं पोचलं? माझं म्हणणंच चूक असेल तर..." ते थांबले. माझ्या घोट्याकडं त्यांनी बघितलं नाही, पण मला कळलं.

तो टाचेवाला माणूस नागूबाईचा नवरा. नागूबाई पलीकडच्या वस्तीवर राहायची. योगायोग म्हणा, पण आठव्या दिवशी ती खोकल्याचं औषध न्यायला आली. डॉक्टरांनी वही उघडली आणि विचारायला सुरुवात केली. तारीख कोणती, महिना कोणता, फसली साल कोणतं. नागूबाई नुसती पदरानं डोळे टिपत राहिली. "भादव्यात चावलं, कुवारात गेले बघा," एवढंच ती म्हणाली. कुवार म्हणजे आश्विन. डॉक्टरांचा घाम सुशीलाबाईंनाच नव्हे, मलाही दिसला.

मी उठले आणि तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसले. कापूस तसाच हातात.

"मावशी, काका शेताला जायलते का तवा?"

"न्हाई गं माय. पुनवेला दोन दिस होते, लेकीच्या गावाला निघाले होते. जावयाला धोंड्याचं आवतण द्यायला." ती कसनुसं हसली. "लई हौस. जावायला धोंडे खाऊ घालायचे मनून आदल्या दिशीच पुरण शिजवून घेतलं माझ्याकडनं..."

माझे हात थांबले.

"आणि गेले कधी?"

"कोजागिरीच्या आधी दोन दिस."

ती रडून झाल्यावर मी तिला पाणी दिलं, सुशीलाबाईंनी औषध दिलं. ती गेली. मी डॉक्टरांकडं वळले.

"तुमचा हिशेब चुकला."

"काय?"

"आवंदा भादवे दोन आले. धोंड्याचं जेवण अधिकात असतंय. मंजे पयल्या भादव्यात चावलंय, दुसऱ्यात न्हाई. निघाले तवा बी तेरस, गेले तवा बी तेरस, मधी दोन पुरे महिने, मंजे—" मी बोटांवर मोजलं. "साठाला एखादा कमी."

त्यांनी पंचांग ओढलं, पानं उलटली, दोनदा मोजलं. मग उठून भिंतीपाशी गेले, 'तीस' खोडलं आणि 'एकोणसाठ' लिहिलं. लाल गोलावर बोट ठेवून उभे राहिले.

"नीलगंगा," ते म्हणाले.

इतके दिवस 'बाई' होतं. नुसतं नाव, तेही पाठमोरं. मला वाटलं, माझं नाव मी आजच ऐकतेय.

"काय?" मी विचारलं.

"काही न्हाई," असं म्हणून ते वळले, तेव्हा त्यांच्या चष्म्याच्या काचा धूसर होत्या.

अकराव्या दिवशी कोहिनूरची मंडळी आली. महादेवप्पा आणि त्यांचा भाऊ, डोक्याला रुमाल बांधून, मामाच्या ओट्यावर. तब्येत बघायला आलो म्हणाले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग महादेवप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

"लोक काय काय बोलायलेत, निंगप्पा. म्हणत्यात, बारा वर्सांनी बी इख उठतंय. ढग वाजले की माणूस भुंकायलंय. आमचा इस्वास न्हाई हो त्यावर... पण पोरीनं आमच्या समोर पेलाभर पाणी पिऊन दाखवावं. मग काय बोलायचंच काम न्हाई."

मामीनं माझ्या हातात पेला दिला. सगळे माझ्या गळ्याकडं बघत होते. गळ्याकडं! मी पेला तोंडाला लावला, आणि घोट उतरेना. आत काहीतरी आवळलं. मी जोर केला, ठसका लागला, आणि तोंडातलं सगळं पाणी महादेवप्पांच्या पांढऱ्या धोतरावर.

ते उठले. पायताण घालायलाही थांबले नाहीत. भावानं मागून हातात घेतलं. सोयरीक तिथंच मोडली.

मामी रडायला लागली. मामा ओट्याच्या खांबाला टेकून खालीच बसला. आणि मी... मला लग्नाचं वाईट वाटायला पाहिजे होतं. पण एकच धाक डोक्यात घणाघणा वाजत होता. पाणी गिळता आलं नाही. पाणी गिळता आलं नाही!

मी डोक्यावर पदर घेतला आणि भर बाजारातून दवाखान्याकडं पळत सुटले. मामा मागून हाका मारत.

दवाखान्यात वीसेक माणसं बसली होती. डॉक्टरांनी मला बघितलं आणि हातातली नळी तशीच ठेवली.

"पाणी... उतरत न्हाई," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. मला बाकावर बसवलं. डोळ्यांत दिवटी धरून बघितलं, जीभ बघितली, हात-पाय हलवून बघितले. मग पंख्यानं माझ्या तोंडावर वारा घातला. "वाऱ्यानं गळा आवळतो? त्रास होतो?"

"न्हाई."

"लाळ गिळता येते?"

मी गिळली. "येते."

"पायाला मुंग्या? घोट्याला?"

"न्हाई."

त्यांनी मोठा श्वास सोडला. काय झालं ते विचारलं, आणि मामानं धापा टाकत सांगितलं. ऐकताना डॉक्टरांचा जबडा घट्ट होत गेला.

"हा रोग न्हाई. भीती हाय," ते म्हणाले. "दहा माणसं गळ्याकडं बघत बसली तर माझ्याही गळ्याखाली पाणी उतरणार न्हाई."

"पण खरंच रोग आसंल तर?"

"अकरा दिवसांत घोट्यापासून गळ्यापर्यंत? न्हाई पोचत. नागूबाईच्या घरधन्याला टाचेपासून एकोणसाठ दिवस लागले. हिशेब तुमचाच हाय."

"आणि हिशेब खोटा आसंल तर?"

ते उठले. कोपऱ्यातल्या रांजणातून पेला भरून आणला आणि माझ्यापुढं धरला.

"अर्धं तुम्ही प्या. उरलेलं मी पितो."

वीस माना वळल्या. मामाचं तोंड उघडं राहिलं. मी त्यांच्याकडं बघितलं. चष्म्यामागचे डोळे अगदी शांत. नेहमी माणसांसमोर घामाघूम होणारा हा माणूस... कपाळावर घामाचा एक थेंब नाही.

मी पेला घेतला. त्यांच्या डोळ्यांवरची नजर काढली नाही. एक घोट. उतरला. दुसरा. तिसरा... रांजणातलं पाणी इतकं गोड असतं, हे मला ठाऊक नव्हतं. अर्ध्यावर मी पेला खाली घेतला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला.

"अहो डाक्टर... उष्टं..." मामा पुटपुटला.

"तहान लागली होती," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, अगदी हळू म्हणाले, "हिशेब खोटा असेल, तर आता आपण दोघं हाव."

उरलेल्या तीन सुया कशा झाल्या, मला आठवत नाही. पडद्यापलीकडून त्या तीन दिवसांत पेशी नाहीत, फाटे नाहीत... काहीच आलं नाही. फक्त शेवटच्या दिवशी सुशीलाबाई म्हणाल्या, "झाली गं बाई, चौदावी," आणि पलीकडून आवाज आला, "इतक्यात?"

चौदावी सुई झाली आणि दुसऱ्या दिवशी येळ अमावस्या आली. आमच्याकडं त्या दिवशी गावात माणूस राहत नाही, सगळी शेतात. शिवारात कडक म्हणून प्रसिद्ध असलेल्या माझ्या अप्पांनी स्वतः निरोप धाडला होता, डाक्टरसायबांनी आमच्या शेतात जेवायला यावं.

ते सायकलीवर आले. म्हणजे सायकल त्यांच्यावर आली म्हटलं तरी चालेल. बाभळीच्या काट्यांनी दोन्ही चाकं बसली होती आणि ते ती खांद्यावर घेऊन बांधावरून चालत होते. कडब्याची कोप उभी होती, आत दगडांचे पाच पांडव चुना लावून बसवलेले. पूजा झाली, अप्पांनी ज्वारीत चहूकडं आंबिल शिंपडलं. कणसं दाण्यानं टपोरली होती. वारा आला की सगळं शेत एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचं.

जेवायला अजून वेळ होता. मी मडक्यातून आंबिल काढत होते, ते कोपीच्या सावलीत उभे होते. काहीतरी सांगायचं होतं. खिशातला कागद काढून पुन्हा ठेवणं तीनदा झालं.

"हैदराबादेहून पत्र आलंय," शेवटी ते म्हणाले. "माझं काम त्यांना आवडलं. मोठ्या दवाखान्यात बोलवायलेत. होळीनंतर."

पळी माझ्या हातात थांबली. "बरं झालं की."

"हं... तिथं खुर्दबीन मोठी हाय. काम पुष्कळ हाय. आणखी शेकडो माणसांचे दिवस मोजायचेत."

"मिळंल की कुणीतरी मोजायला. शहरात पंचांग इकणारे गल्लोगल्ली हाईत."

"पंचांग मिळंल," ते म्हणाले, "पण—"

"पण?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वारा पडला. शेत स्थिर झालं.

"पण त्यात तुम्ही न्हाई."

मी मान खाली घातली. आंबिलात माझाच चेहरा हलत होता, आणि तो हसत होता. लबाड कुठला!

"मग अप्पांना इचारा की," मी म्हणाले.

"विचारणारच हाय. माझ्या अव्वाला संतपूरला परवाच पत्र टाकलंय. फक्त... सुरुवात कशी करू, ते सुचत न्हाई."

त्यांना सुचेपर्यंत होळी आली असती. मी आंबिलाचा पेला भरला, तुरीच्या कडेला बसलेल्या अप्पांकडं सरळ चालत गेले आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"अप्पा, डाक्टर हैदराबादला जायलेत. मला बी जायचंय."

अव्वा बाजरीचे उंडे वळत होती. तिचे हात थांबले. मामाला ठसका लागला. डॉक्टर कोपीपासून धावत आले आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले. ताठ, तरी माझ्या कानाएवढेच.

अप्पांनी पेला उचलला नाही. बराच वेळ त्यांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"डाक्टर," ते म्हणाले, "माझी पोरगी हाय, पण मी लपवणार न्हाई. तिला काय चावलंय, तुमाला म्हाईत हाय. लोक बारा वर्सं म्हणत्यात. तुमी शिकलेले हाव. खरं सांगा, आता धोका न्हाई, अशी पक्की खात्री देताव का?"

मला वाटलं, ते आता हो म्हणतील. एवढं एक 'हो' म्हटलं की झालं. पण ते मनात मोजत होते. मला त्यांची बोटं हललेली दिसली.

"लोकांची बारा वर्षं मला पटत न्हाईत," ते म्हणाले. "जखम वेळेवर धुतली, सुया पुऱ्या झाल्या. माझं मन म्हणतं, ती बरी हाय. पण पक्की खात्री मागाल, तर सहा महिन्यांनी देईन. त्याआधी दिली तर खोटं बोललो असं होईल."

अप्पांच्या भुवया आवळल्या. "मग सहा महिन्यांनी या."

"न्हाई," डॉक्टर म्हणाले. आवाज कापला, पण थांबला नाही. "मला सहा महिने थांबायचं न्हाई. सहा दिवससुद्धा थांबायचं न्हाई. जे व्हायचं ते होऊ द्या, मला तिच्याजवळ असायचंय."

वारा पुन्हा सुटला. ज्वारी सळसळली. पलीकडच्या शेतातून पोराबाळांचा गलका येत होता. मी अप्पांच्या चेहऱ्याकडं बघायचं धाडस करू शकत नव्हते, म्हणून त्यांच्या हातांकडं बघत होते. मोठे, भेगाळलेले हात. त्यांनी आंबिलाचा पेला उचलला, एका दमात संपवला आणि उपरण्यानं मिशा पुसल्या.

मग अव्वाकडं वळून ते करवादले, "अगं, बसलीस काय बघत? पत्रावळ मांड. भज्जी वाढ, तूप घाल चांगलं. जावई कवाचे उभे हाईत."

आणि शिवारात कडक म्हणून प्रसिद्ध माझ्या अप्पांनी स्वतःची घोंगडी झटकून डॉक्टरांना बसायला अंथरली.